अपरांताचा पाऊस, अश्मकाची माती : भूपृष्ठ-मॉडेलची गोष्ट (थ्रेड)

१/
कौटिलीय अर्थशास्त्रात राज्याच्या कोठारापाशी एक कुंड बसवायला सांगितले आहे. त्याचे तोंड एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद असावे आणि त्यात पडणारा पाऊस मोजावा. पुढे शेतीच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना ग्रंथकार प्रदेशवार पावसाची मापे देतो. कोरड्या जांगल प्रदेशाला सोळा द्रोण आणि अवंतीला तेवीस. गोदावरीकाठच्या अश्मकालाही स्वतंत्र आकडा आहे. अपरांतापाशी, म्हणजे कोकणापाशी, मात्र तो मोजमाप सोडून देतो. तिथला पाऊस अमाप, एवढेच सांगून पुढे जातो.

२/
या मापनाचा हेतू व्यावहारिक होता. कुठे किती पाऊस पडतो हे कळले की तिथे काय पेरावे हे ठरत असे. त्यातून महसूल ठरे, आणि कोठार भरणार की रिकामे राहणार हेही. एका प्रदेशाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही, ही समज त्या यादीतच आहे. सुमारे दोन हजार वर्षांनंतर हाच हिशेब संगणकावर होऊ लागला. त्याचे आजचे नाव भूपृष्ठ-मॉडेल, इंग्रजीत ‘लँड सरफेस मॉडेल’. हा थ्रेड त्याच्या इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासात वारंवार पुढे येणाऱ्या एका प्रश्नाचा : हिशेब कितीही अचूक असला, तरी त्यात घातलेला पाऊस कोणाचा?

३/
आधी हे यंत्र काय करते ते पाहू. जमिनीचा एक तुकडा घ्यायचा. त्यावर दर तासाला किंवा दर तीन तासांनी हवामानाचे सात आकडे ठेवायचे : पाऊस, हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, वायुदाब, सूर्याकडून येणारे लघुलहरी प्रारण आणि आकाशाकडून येणारे दीर्घलहरी प्रारण. मॉडेल यांतून दोन जमाखर्च मांडते, एक पाण्याचा आणि दुसरा उष्णतेचा. किती पाणी मुरले, किती वाहून गेले, किती बाष्प झाले, मुळांपाशी किती ओल उरली. शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे ठरवतो. मॉडेल तेच समीकरणांनी ठरवू पाहते.

४/
या कल्पनेचा एक आरंभ पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर सापडतो. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश क्वेकर शास्त्रज्ञ शस्त्र हाती न घेता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. फावल्या वेळात तो हवामानाची समीकरणे हाताने सोडवी. १९१७ च्या धुमश्चक्रीत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मातीतून पाणी कसे सरकते आणि पानांतून ते बाष्परूपाने कसे बाहेर पडते, याचाही विचार त्याने त्या ग्रंथात केला आहे. हवेचा अंदाज मातीशिवाय पुरा होत नाही हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

५/
पण त्याचा अंदाज सपशेल चुकला. २० मे १९१० या दिवसासाठी त्याने केलेल्या गणितात सहा तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कलने वाढणार होता. प्रत्यक्षात हवा जवळपास स्थिर होती. पुढील पिढ्यांनी हा हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा समीकरणे बरोबर निघाली. दोष सुरुवातीच्या नोंदींत होता. वारा आणि दाब यांचे आकडे सुटे सुटे घेतले होते आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. चांगल्या गणिताला विसंगत नोंदी दिल्या की उत्तर किती भरकटते, याचे हे पहिले मोठे उदाहरण. ते पुढे पुन्हा आठवावे लागणार आहे.

६/
भारतात माती आणि आकाश यांच्या संबंधाचा प्रश्न दुष्काळाने विचारला. १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे देशभरच्या हवामान नोंदींची सूत्रे आली आणि लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. दख्खनची त्यात अपरिमित हानी झाली. पुढच्या पावसाची चाहूल आधी लागेल का, या शोधात ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली एक विचार मांडला : हिमालयात बर्फ जास्त साचले की नंतरचा मोसमी पाऊस कमी पडतो. या संबंधावरचा वाद अजून संपलेला नाही. पण जमिनीची अवस्था आकाशाला वळण देऊ शकते, हा विचार भारताच्या हवामान विभागाच्या पहिल्या दशकातच जन्मला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

७/
याच विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्यातच १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास यांच्याकडे होती. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते. ती काही वीत वर असते. मोजण्यात चूक झाली असावी असे अनेकांना वाटले. दशकांनंतर ते खरे ठरले आणि त्या थराला ‘रामदास थर’ हे नाव मिळाले.

८/
मात्र निरीक्षणाचे रूपांतर चालत्या हिशेबात व्हायला संगणकाची वाट पाहावी लागली. १९६९ साली अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी शास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी जागतिक हवामानाच्या मॉडेलमध्ये जमीन बसवली, तीही एका बादलीच्या रूपाने. प्रत्येक ठिकाणी पंधरा सेंटिमीटर पाणी मावेल अशी काल्पनिक बादली. पावसाने ती भरते, बाष्पीभवनाने रिती होते आणि काठोकाठ भरल्यावर वरचे पाणी वाहून जाते. कोकणचा जांभा, विदर्भाची काळी माती, सहाराची वाळू, सगळ्यांना एकच बादली! तरीही पाण्याचा जमाखर्च सुरू झाला होता. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

९/
बादली पुरेशी नाही हे पुन्हा एका दुष्काळाने दाखवले. आफ्रिकेतला साहेल पट्टा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून होरपळत होता. १९७५ मध्ये ज्यूल चार्नी यांनी सुचवले की चराईने उघडी पडलेली जमीन सूर्यप्रकाश अधिक परतवते, त्यामुळे हवा खाली बसते आणि पाऊस आणखी घटतो. त्यांचे शिष्य जगदीश शुक्ल हे बलिया जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत काम केलेले. १९८२ मध्ये त्यांनी येल मिंट्झ यांच्यासह संगणकावर दोन पृथ्व्या चालवल्या. एकीची सारी जमीन ओली, दुसरीची ठणठणीत कोरडी. दोहोंच्या तापमानात आणि पावसात प्रचंड अंतर पडले. मातीतली ओल ही हवामानाची भागीदार आहे, हे आता आकड्यांत दिसले.

१०/
त्यानंतर बादलीवर गवत उगवले. १९८६ मध्ये रॉबर्ट डिकिन्सन यांच्या आणि पियर्स सेलर्स यांच्या गटांची दोन मॉडेल आली. त्यांत मातीचे थर होते, मुळे होती, पानांवरची रंध्रे होती. ऊन तापले आणि पाणी कमी पडले की रंध्रे मिटतात आणि बाष्पीभवन घटते, हेही त्यांत मांडले होते. सेलर्स पुढे अंतराळवीर झाले आणि तीन मोहिमांत पृथ्वीभोवती फिरले. ज्या हिरवळीची समीकरणे त्यांनी लिहिली, ती त्यांनी वरूनही पाहिली.

११/
मॉडेल वाढली तसा एक अवघड प्रश्न उभा राहिला : यांतले खरे कोणते? १९९० च्या दशकात त्यांची जाहीर परीक्षा झाली. नेदरलँड्समधील काबाउ या ठिकाणच्या १९८७ सालच्या नोंदी तेवीस मॉडेलना दिल्या गेल्या. हवामान तेच, जमीन तीच, तरी उत्तरे ठळकपणे वेगळी आली. मग १९८७ आणि १९८८ या वर्षांसाठी साऱ्या जगावर असाच प्रयोग झाला आणि त्यातून दुसरी बाजू कळली. जिथे पर्जन्यमापक विरळ होते, त्या खोऱ्यांत नद्यांच्या प्रवाहाचे उत्तरही ढासळलेले होते. म्हणजे दोष दोन जागी असू शकत होता, समीकरणांत आणि त्यांना पुरवलेल्या पावसात.

१२/
एकविसाव्या शतकात साऱ्या जगासाठी तयार हवामान-आकडे सहज मिळू लागले. २००४ मध्ये जगासमोर मांडलेली नासाची जागतिक प्रणाली उपग्रह आणि भूपृष्ठावरील नोंदी एकत्र करून पाव अंशाच्या चौकोनांत मातीची ओल काढू लागली. ही सोय फार मोठी होती. ज्या देशांत नोंदी नाहीत तिथेही उत्तर मिळू लागले. पण सह्याद्रीत हा चौकोन अडचणीचा ठरतो. पाव अंश म्हणजे सुमारे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातले सरळ रेषेतले अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आत आहे.

१३/
महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाईला हजारही भरत नाही. मधल्या पाचगणीत दोहोंच्या मधला. दोन्ही गावे एकाच चौकोनात आली आणि त्यांना सरासरी पाऊस दिला, तर महाबळेश्वरचे झरे कागदावर आटतात आणि वाईचा कोरडवाहू मळा कागदावर चिंब होतो. कौटिल्याने अपरांत आणि अश्मक वेगळे ठेवले होते. इथे ते पुन्हा एक होतात. म्हणून जगाचा तयार आकडा बाजूला ठेवून आपल्या प्रदेशाचा पाऊस मॉडेलला देण्याची गरज निर्माण होते.

१४/
भारतात ही सामग्री पुण्यात घडली. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयातील एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १८०३ केंद्रांच्या नोंदींवरून एक अंशाच्या चौकोनांतला रोजचा पाऊस मांडला. २०१४ मध्ये डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी ६९५५ केंद्रांच्या नोंदी वापरून १९०१ पासूनचा पाऊस पाव अंशावर आणला. त्या एकेका आकड्यामागे एक मनुष्य आहे. कुठल्याशा कचेरीच्या आवारात रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतून वहीत आकडा लिहिणारा. त्याचे नाव कुठेच नाही, पण मॉडेल त्याच्याच नोंदीवर चालते.

१५/
आता पहिला सापळा. ही नोंद सकाळी साडेआठला होते. म्हणजे १५ जुलैच्या नावे लिहिलेला पाऊस हा १४ जुलैच्या सकाळी साडेआठपासून १५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. मॉडेल बहुधा ग्रिनिच वेळेने चालते. त्या हिशेबाने चोवीसपैकी एकवीस तास आदल्या तारखेचे. हे न ओळखता आकडा तसाच भरला, तर सारा पावसाळा जवळपास एका दिवसाने पुढे ढकलला जातो. नदीला पूर आदल्या दिवशी येतो आणि त्याचा पाऊस दुसऱ्या दिवशी!

१६/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा सापळा नवा नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो, हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्री घडलेली एकच घटना तीन कागदांत तीन तारखांना नोंदलेली दिसू शकते. जंत्री हाती न घेता त्यांतून कालक्रम लावणारा जसा फसतो, तसाच इथेही. नोंद खरी असते, पण तिचा दिवस कुठे सुरू होतो हे नोंद स्वतःहून सांगत नाही.

१७/
दुसरा सापळा तासांचा. वहीत दिवसाचा पाऊस असतो, मॉडेलला तासाचा लागतो. ४८ मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत सारखा वाटला तर ताशी दोन मिलिमीटर येतो. तो शांतपणे मुरतो. तोच वळिवासारखा दोन तासांत कोसळला तर बराच उताराने वाहून जातो आणि बांध फोडतो. बेरीज तीच, माती मात्र वेगळी. एककाचा घोळ तर नेहमीचा. मॉडेल पाऊस सेकंदाच्या मापाने मागते, म्हणून दिवसाच्या आकड्याला ८६,४०० ने भागावे लागते. ते राहिले की पहिल्याच पायरीवर प्रलय.

१८/
तिसरा सापळा रिचर्डसनचा. पाऊस स्थानिक वहीतून घेतला आणि ऊन, आर्द्रता, तापमान जागतिक संचातून, तर दोघांचा मेळ राहील याची हमी नसते. कागदावर भर पावसात लख्ख ऊन पडते आणि मॉडेल निमूटपणे ते पाणी वाळवत बसते. यावर रूढ झालेला उपाय असा : पावसाचा तासावार चढउतार जागतिक संचातून घ्यायचा आणि त्याची एकूण बेरीज स्थानिक नोंदीशी जुळवायची. प्रिन्स्टनमध्ये जस्टिन शेफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच धर्तीवर पन्नासहून अधिक वर्षांचा जागतिक संच तयार केला. पण वहीत पाऊस आहे आणि जागतिक संचात त्या दिवशी थेंबही नाही, तिथे हा उपायही थांबतो. तिथे माणसाला निर्णय घ्यावा लागतो आणि तो का घेतला हे लिहून ठेवावे लागते.

१९/
चौथी गोष्ट धीराची. मॉडेल सुरू करताना मातीत किती ओल आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून एक अंदाज धरला जातो. मग तीच वर्षे पुनःपुन्हा चालवतात, जोवर खोल थरातली ओल स्थिर होत नाही. कोरड्या प्रदेशात याला फार फेऱ्या लागतात. घाई केली, तर निघालेले उत्तर मातीचे नसते. ते आरंभीच्या अंदाजाची सावली असते. आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा, ज्यांतून पहिला पाऊस थेट खाली उतरतो, त्या बहुतेक मॉडेलना ठाऊकच नसतात. पाऊस आपला दिला तरी माती परकी उरू शकते.

२०/
एवढी काटेकोरता कशासाठी? कारण हा आकडा आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राचा हिशेब पैसेवारीवर होता. गावचे पीक नजरेने आणि कापणीने अजमावायचे, आणि ते पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाई. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने क्रम बदलला. आधी पावसाची तूट तपासायची, मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जलसाठे आणि मातीतली ओल. या नव्या चौकटीत २०१८ च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

२१/
तालुकाभर मातीची ओल रोज मोजणारी यंत्रे जवळपास कुठेच नसतात. त्यामुळे ती ओल बव्हंशी हिशेबानेच काढावी लागते. म्हणजे कुठल्याशा चौकोनातला चुकीचा पाऊस एखाद्या कोरड्या शिवाराला ओले ठरवू शकतो. पैसेवारीवर वाद घालायला गावात तलाठी तरी समोर असे. चौकोनाशी वाद घालायला कोण असते? २०१७ पासून राज्यात महसूल मंडळवार सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. त्यांनी चौकोन लहान केला आहे. पण त्या नोंदी तपासणे, जुन्या वह्यांशी त्यांची सांगड घालणे आणि खंड पडू न देणे हे काम यंत्र आपोआप करत नाही.

२२/
बादलीपासून रंध्रांपर्यंत मॉडेल पन्नास वर्षांत कुठल्या कुठे गेले. पण त्याला लागणारे खाद्य अजूनही तेच आहे : एका ठिकाणचा, एका दिवसाचा, कोणीतरी प्रामाणिकपणे मोजलेला पाऊस. इतिहासाचा विद्यार्थी साधनाला जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारावे लागतात. ही नोंद कोणी केली, कुठे केली, तिचा दिवस कधी सुरू झाला, मधली पाने का कोरी आहेत? शंभर वर्षांच्या पर्जन्यवह्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत वाळवीची वाट पाहत असतील, तर त्याही अस्सल साधनेच आहेत. त्या वाचून, तपासून, उतरवून घेण्यासाठी मोडी जाणणाऱ्या डोळ्यांइतकेच चिकित्सक डोळे लागतील. पुढचा दुष्काळ कोणत्या शिवारात पोहोचला हे ठरवताना त्या वह्यांतले आकडे कामी येणार आहेत.